ग्रंथपाल, गुगल आणि एक 'एच'

लायब्ररीवर लेख म्हटला की निम्मी पब्लिक पान उलटणार, याची मला पूर्ण कल्पना आहे. घाबरू नका, 'वाचाल तर वाचाल' छापाचं प्रवचन देणार नाही. माझंच लायब्ररी कार्ड दुसऱ्या वर्षी सहा महिने बॅगेच्या तळाशी पडलं होतं. हॉस्टेलवर वाय-फाय आहे, टेलिग्रामवर पीडीएफ आहेत, युट्यूबवर शिकवणारे सर आहेत, मग जिने चढून वर जायचं कशाला, हा आपल्या सगळ्यांचा सवाल. माझाही तोच होता. तो सुटला एका इंग्रजी अक्षरामुळे, म्हणून हा लेख.

झालं असं. तिसऱ्या वर्षाच्या सेमिनारला मी विषय घेतला बार्शी लाईट रेल्वे. बार्शीत राहून मेकॅनिकल शिकायचं आणि ही रेल्वे माहीत नाही म्हणजे कमालच. मॅडमनी एकच अट घातली: चार वेबसाईटवरून उचललेला मजकूर चालणार नाही, त्या काळातलं काहीतरी लेखी पाहिजे. मी म्हटलं त्यात काय, एका रात्रीचं काम. रात्री साडेअकराला लॅपटॉप उघडला, बार्शी लाईट रेल्वे असं इंग्रजीत टाकलं आणि दोन वाजेपर्यंत खाली खाली सरकत राहिलो. दहा ठिकाणी तोच एक परिच्छेद. १८९७ साली सुरू झाली, अडीच फुटी नॅरोगेज होती, एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने बांधली. बस्स. रूळ कसले, इंजिन कसलं, इतकी छोटी गाडी परवडली कशी, कुठेच काही नाही. माझ्या रूममेटचा निष्कर्ष तयार होता, "नेटवर नाही म्हणजे कुठंच नाही. विषय बदल."

दुसऱ्या दिवशी मी लायब्ररीत गेलो तो खरं म्हणजे विषय बदलायला दुसरं पुस्तक बघायला. काउंटरवर ग्रंथपाल सर होते. सहज बोलता बोलता रडगाणं गायलो. सरांनी विचारलं, "स्पेलिंग काय टाकलंस?"

"बार्शीचं? बी, ए, आर, एस, एच, आय."

"त्यातला एच काढून टाक की."

साहेबाच्या काळात या कंपनीचं नाव इंग्रजीत 'बार्सी' असं लिहिलं जाई. त्यात एच नाहीच! एच काढला आणि इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या पुस्तकांची, इंजिनिअरिंगच्या नियतकालिकांची स्कॅन केलेली पानं धडाधड यायला लागली. कॅलथ्रॉपची खरी युक्ती तिथे कळली. त्याने कुठल्याही चाकांच्या जोडीवर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही असं ठरवलं आणि इंजिनापासून डब्यापर्यंत सगळं त्या हिशोबाने आखलं. त्यामुळे हलक्या रुळांवरून मोठा माल जाऊ शकला. (हाच माणूस पुढे विमानातून उडी मारायच्या पॅराशूटच्या मागे लागला आणि त्याला 'गार्डियन एंजल' असं नाव दिलं. सेमिनारमध्ये सगळ्यात जास्त टाळ्या याच वाक्याला पडल्या, असो.)

आता मला सांगा, या प्रकारात वेब टेक्नॉलॉजी कुणाची होती? सर्च इंजिन अमेरिकेतलं, आर्काइव्हही तिकडचंच, वाय-फाय हॉस्टेलचं, लॅपटॉप माझा. सरांचा काय होता? फक्त एच. पण तो एच नसता तर बाकीचं सगळं असून मी रात्री दोन वाजता कपाळाला हात लावून बसलो होतो.

सरांना हे सुचलं कसं, असं मी नंतर विचारलं. ते मला कोपऱ्यातल्या लाकडी कपाटाशी घेऊन गेले. लहान लहान खणांचं ते जुनं कपाट, ज्याच्यावर हल्ली प्रिंटर ठेवलेला असतो. त्यात कार्डं. 'बॉम्बे' शोधलं की कार्डावर 'मुंबई पाहा'. टोपणनाव शोधलं की 'खरं नाव पाहा'. म्हणजे वाचक कुठल्या चुकीच्या दारावर येऊन उभा राहील, याचा आधीच विचार करून प्रत्येक दारावर एक पाटी लावून ठेवायची. हे 'पाहा'चं कार्ड लिहिणं हा ग्रंथपालाच्या शिक्षणातला मोठा भाग. कॉम्प्युटर आला, कार्डं गेली, आणि बऱ्याच ठिकाणी ही पाहा-कार्डं कॉम्प्युटरमध्ये भरायची राहून गेली. पुस्तकं भरली, पाट्या राहिल्या.

माझं म्हणणं एवढंच आहे. ग्रंथालयात नवं वेब तंत्रज्ञान आलं की नाही हे मोजताना आपण मशीन मोजतो. ग्रंथपालाच्या डोक्यातला एच त्या मशीनमध्ये उतरला का, हे कुणी मोजत नाही.

ग्रंथपाल मंडळी नव्या गोष्टींना घाबरतात, असा आपला एक समज आहे. तो इतिहासाला धरून नाही. ज्यांना भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणतात ते रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, शिकायला लंडनला गेले. तिथे सेल्फ्रिजेस नावाच्या दुकानात त्यांनी मेकॅनो पाहिला. तोच, पट्ट्या आणि नटबोल्टांचा. त्याच त्या पट्ट्यांपासून हवं ते खेळणं जोडता येतं, तर विषयांचे क्रमांक असे का जोडू नयेत? त्यातून त्यांची कोलन वर्गीकरण पद्धत आली, ती १९३३ साली छापली गेली. आपल्या ब्रँचचं खेळणं बघून ग्रंथालयाची पद्धत काढणारा माणूस! त्याआधी १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. रात्री साडेअकरा ते दोन, माझे अडीच तास. हिशोब लावा.

दुसरं उदाहरण आपल्या कॉम्प्युटरवाल्यांसाठी. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर आज जगभर चालतं, आपल्याकडेही कितीतरी कॉलेजांत आहे. फुकट आहे, सोर्स कोड खुला आहे. पण ते कुठल्या बड्या कंपनीत किंवा विद्यापीठात जन्मलं असं समजत असाल तर चूक. न्यूझीलंडमध्ये हॉरोव्हेनुआ नावाचा एक ग्रामीण भाग आहे, तिथलं मुख्य गाव लेव्हिन, बार्शीपेक्षा कितीतरी लहान. १९९९ साली तिथल्या सार्वजनिक वाचनालयाचं जुनं सॉफ्टवेअर वायटूकेमध्ये बंद पडणार होतं. नवं विकत घ्यायचं तर महाग, शिवाय त्यांच्या लांबच्या शाखा साध्या टेलिफोन लाईनवर. त्यांनी एका छोट्या कंपनीला सांगितलं की आम्हाला वेबवर चालेल आणि मोडेमवर रखडणार नाही असं काहीतरी बनवून द्या. जानेवारी २००० मध्ये ते चालू झालं, आणि मग त्यांनी ते सगळ्या जगाला देऊन टाकलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. आपल्याकडच्या आहेरासारखी, घेणाऱ्याने कधीतरी परत करायची असते अशी.

तिथे गरज आधी आली, सॉफ्टवेअर नंतर. आपल्याकडे पुष्कळदा तपासणीची तारीख आधी येते. मी डिप्लोमा दुसऱ्या गावातल्या एका कॉलेजात केला. तिथे कमिटी यायच्या आठवड्यात लायब्ररीच्या दारात एक टचस्क्रीन उभा राहिला आणि भिंतीवर क्यूआर कोड चिकटले. कमिटी गेली. टचस्क्रीनवर खोळ चढली ती मी पास होईपर्यंत उतरली नाही. क्यूआर स्कॅन केला की 'पान सापडत नाही'. तिथल्या ग्रंथपाल मॅडमना मी एकदा विचारलं तर त्या म्हणाल्या, "बाळा, मला कुणी विचारून बसवलंय का ते?" त्या वेळी मला हे उत्तर टाळाटाळीचं वाटलं. आता वाटतं, त्या सगळ्या कारभारातलं तेवढंच एक खरं वाक्य होतं. जिच्या खात्यात यंत्र येणार तिलाच विचारायचं नाही, आणि मग ग्रंथपाल बदलायला तयार नाहीत म्हणून ओरडायचं.

आता मराठी पुस्तकांकडे येऊ. इंजिनिअरिंग कॉलेजात मराठी पुस्तकं वाचतं कोण, असं म्हणू नका. हॉस्टेलवर परीक्षेनंतरच्या चार दिवसांत जितक्या मराठी कादंबऱ्या फिरतात तितक्या सेमिस्टरभर रेफरन्स बुक फिरत नाहीत. पण पुष्कळ कॅटलॉगांत मराठी पुस्तकांची नावं रोमन लिपीत भरलेली असतात, आणि तीही ज्याने ज्या दिवशी भरली त्याच्या मर्जीने. 'श्यामची आई' एकाने वाय घालून लिहिलं, दुसऱ्याने वाय गाळून. लेखक एका नोंदीत 'साने गुरुजी', दुसरीत 'साने पी. एस.', तिसरीत आडनाव म्हणून चक्क 'गुरुजी'! कपाटात तीन प्रती आहेत आणि कॉम्प्युटर म्हणतो एकही नाही. काही ठिकाणी याच्या उलट. नोंदी जुन्या मराठी फॉन्टात टाईप केलेल्या, नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेल्या तर सगळी अक्षरांची खिचडी, कारण तो फॉन्ट युनिकोड नव्हता.

इथे पुन्हा आपली रेल्वे आठवते. बार्शीची गाडी छोटी, कुर्डुवाडीची मोठी. कुर्डुवाडीला आलेला माल मोठ्या डब्यातून उतरवून छोट्या डब्यात भरायचा, आणि परतीचा उलट. गेज बदललं की हमाली आलीच. कंपनी गेली, १९५४ साली रेल्वे सरकारची झाली, आता तर लाईनही ब्रॉडगेज आहे. पण लायब्ररीचं सॉफ्टवेअर बदलताना कुर्डुवाडी पुन्हा मधे येते. एका सॉफ्टवेअरमधल्या नोंदी दुसऱ्यात आपोआप जातील असं विकणारा सांगतो. काही जातात, काही वाटेत फुटतात, आणि मग एक एक पुस्तक हातात घेऊन दाखल क्रमांक जुळवत बसणारी हमाली ग्रंथपालाच्याच वाट्याला. रोजची देवघेव सांभाळून. ही हमाली कुठल्याही अहवालात दिसत नाही. 'ग्रंथालय पूर्णतः संगणकीकृत' अशी एक ओळ दिसते.

हॉस्टेलच्या बाजूने एक गोष्ट बोललीच पाहिजे. वाचनकक्ष रात्री नऊपर्यंत उघडा असो नाहीतर दहापर्यंत, मुलींच्या हॉस्टेलचं गेट बहुतेक कॉलेजांत त्याच्या बरंच आधी बंद होतं. त्यांच्यासाठी लायब्ररी म्हणजे वेबवरून जेवढी मिळेल तेवढीच. आणि जर्नल्स, ई-बुक्स बऱ्याचदा फक्त कॉलेजच्या आवारातल्या नेटवर्कवरच उघडतात. वर्गणी भरली आहे, पण रूमवरून घरी गेलात की दार बंद. आवाराबाहेरून लॉगिन करण्याची सोय असते. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र त्यासाठी 'इन्फेड' नावाची व्यवस्था चालवतं, कॉलेजने ती घ्यावी लागते, चालू करावी लागते आणि पोरांना शिकवावी लागते. माझ्या मते दारातल्या टचस्क्रीनपेक्षा ही गोष्ट दहापट मोलाची आहे. फक्त तिचं उद्घाटन करून फोटो काढता येत नाही.

त्यातही आपल्यासारख्या कॉलेजच्या ग्रंथपालाचं दुखणं वेगळं. कॉलेजांना स्वस्तात ई-जर्नल्स देणारी एन-लिस्ट योजना २०१० मध्ये सुरू झाली, ती कला, वाणिज्य, विज्ञानच्या कॉलेजांसाठी. इंजिनिअरिंग त्यातून वगळलेलं. मग २५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केली. तीस प्रकाशक, तेरा हजारांच्या आसपास नियतकालिकं, तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये. पेपरात वाचून आम्ही हॉस्टेलवर उड्या मारल्या. सरांनी शांतपणे पुढची ओळ वाचून दाखवली. सुरुवात सरकारी संस्थांपासून, केंद्र आणि राज्य सरकारं चालवतात त्या. खाजगी कॉलेजांचा नंबर त्या यादीत नाही. म्हणजे आयआयटीच्या पोराला जे बसल्या जागी मिळतं ते तालुक्याच्या गावातल्या पोराला कसं द्यायचं, हे कोडं अजून ग्रंथपालाच्याच टेबलावर आहे. ते सोडवायला तो काय करतो? डेलनेटवरून दुसऱ्या ग्रंथालयातला लेख मागवतो. आयआयटी खरगपूरची नॅशनल डिजिटल लायब्ररी दाखवतो, ती सगळ्यांना खुली आहे. शोधगंगेवर लाखो प्रबंध पडलेत ते दाखवतो. आणि यातलं बरंचसं तो आपल्या स्वतःच्या मोबाईलवरून, व्हॉट्सअॅपवर, रात्री जेवण झाल्यावर करतो. आमच्या ग्रुपवर सरांचा मेसेज रात्री दहा-सव्वादहाला येतो. त्या वेळेचा पगार त्यांना मिळत नाही.

"पण आता एआय आलंय, ग्रंथपालाचं काय काम?" असं माझा तोच रूममेट म्हणतो. त्याने प्रोजेक्ट रिपोर्टसाठी चॅटजीपीटीकडून बारा संदर्भ काढले. दिसायला एकदम झकास: लेखक, वर्ष, जर्नल, पान क्रमांक. सरांनी एक एक तपासला. बारापैकी पाच लेख पृथ्वीवर अस्तित्वातच नव्हते. या पाचांपैकी एकाचं जर्नल खरं, खंड खरा, पण त्या पानावर भलताच कुणीतरी पंपाबद्दल लिहीत होता. त्या दिवसापासून रूममेट सरांना 'सर' म्हणताना जरा वाकतो.

ग्रंथपालांचंही सगळं बरोबर आहे असं मी म्हणणार नाही. कुणी हात लावेल म्हणून नवं मशीन झाकून ठेवणारे, आणि 'सिस्टिममध्ये नाही' म्हणून पोराला परत पाठवणारे ग्रंथपाल मीही पाहिलेत. सिस्टिममध्ये नाही हे उत्तर यंत्राचं. ग्रंथपालाने तिथून पुढे सुरू करायचं असतं. पण आपलं तोंड आरशात बघा. पहिल्या वर्षी ई-बुकचं लॉगिन मिळालं होतं, आपल्यापैकी किती जणांनी पासवर्ड तरी बदलला? लायब्ररीच्या ओरिएंटेशनला आपण हजेरी लावून मागच्या दाराने कटलो. काउंटरवर जाऊन आपण विचारतो काय, तर मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका. ज्याला फक्त प्रश्नपत्रिका मागतात तो माणूस हळूहळू प्रश्नपत्रिकांचाच होतो.

म्हणून मी सरांकडे एक बिनपैशाची योजना घेऊन गेलो. कॅटलॉगच्या कॉम्प्युटरशेजारी एक वही ठेवायची. जे शोधलं आणि सापडलं नाही ते ज्या स्पेलिंगने शोधलं त्याच स्पेलिंगने लिहायचं. महिन्याच्या शेवटी कॉम्प्युटरची चार पोरं आणि मराठी टायपिंग येणारी दोन बसतील, सर सांगतील तशी पाहा-नोंद घालतील, मराठी नावं देवनागरीत करतील. शनिवारी दुपारी, मेसच्या जेवणानंतर. सरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आधी आपलंच बघ. बार्शी टाकून बघ आपल्या कॅटलॉगवर, एच घालून आणि एच काढून."

टाकलं. एच घालून नऊ पुस्तकं. एच काढून शून्य. बार्सी लाईट रेल्वेबद्दलचं माझं सेमिनार रिपोर्टचं बाडसुद्धा, ज्याच्या नावात मी मोठ्या ऐटीने एच गाळला होता, कुठेच दिसेना. ते म्हणे अजून भरायचं राहिलंय.

"लिही मग वहीत," सर म्हणाले.

"वही कुठंय सर?"

"तूच आण की."

कोपऱ्यावरच्या दुकानातून दोनशे पानी आणली. काउंटरच्या डाव्या बाजूला दोरीने पेन बांधून ठेवली आहे. पहिली नोंद माझी आहे, दुसरी अजून कुणाची नाही.